परसातलं एकच कलिंगड

अहो,

काल सकाळी परसातलं कलिंगड कापलं. पुरतं पिकलेलं नव्हतं, तरी कापलं. आत्याबाई रोज संध्याकाळी ओट्यावर बसून, लेक समोर असावा तशा तुमच्याशी मोठ्यानं बोलतात. काल राहून गेलं, पण आज त्या तुम्हाला हे सांगतीलच, आणि त्यांच्या पद्धतीनं सांगतील. म्हणून म्हटलं, त्याआधी आपण लिहावं.

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहितात, हे मला ठाऊक आहे. दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. बावीस वर्षांत जे तोंडानं कधी म्हटलं नाही, ते कागदावर कसं उतरायचं? 'अहो' म्हटलं की तुम्ही हातातलं काम न सोडता नुसती मान वर करायचात. मला तेवढं पुरे आहे.

दिवाळी सरली आणि तुम्ही गेलात. त्यानंतर घरातलं काय काय आवरलं, काय कुणाला दिलं, ते सांगत बसत नाही. पण चुलीवरच्या आढ्याला टांगलेली तुमची बियांची पुरचुंडी मी माघापर्यंत हलवली नाही. तुमच्या जुन्या धोतराची चिंधी, आत राखेत घोळलेलं बी, आणि वर तुमची ती गाठ! नखं दुखली माझी सोडवताना. एवढं काय चोरीला जाणार होतं त्यातलं? आणि गंमत बघा, गाठ शाबूत होती आणि खालून उंदरानं भोक पाडलं होतं. ओंजळभर बियांतून धड अशा सातच निघाल्या. बाकी नुसती टरफलं.

तेव्हा चुलीपुढे बसून मी हसले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच हसले असेन. मग त्या सात बियांकडे बघितलं आणि हसू गेलं. तुमच्या मामांनी नदीच्या वाळवंटातल्या कलिंगडाच्या वाडीतून तुम्हाला दिलेलं ते बी. दरसाल सगळ्यांत चांगल्या फळातलं काढून तुम्ही पुढच्या सालाला ठेवायचात. मामा गेले, त्यांची वाडी गेली. आता ते बी म्हणजे माझ्या तळहातावरचे सात दाणे.

बहात्तरचा पावसाळा कसा गेला, ते तुम्ही पाहिलंत. पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत, ते एका अर्थी बरंच झालं. पौषात आडाचा तळ दिसला. आता आम्ही नदीच्या वाळूत खड्डा खणतो आणि झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरतो. एक घागर भरेपर्यंत माणसाचं निम्मं आयुष्य आठवून होतं. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाते. दुपारी तिथंच सुकडी मिळते, भाजल्या पिठाचा गोडसर भुगा. घरी मिलोची, त्या रेशनवरच्या परदेशी ज्वारीची भाकरी. लालभडक, घशाखाली उतरत नाही, पण उतरवतो.

अशात मी कलिंगड लावायचं काढलं, तर शेवंताकाकू कुडाच्या पलीकडून म्हणाल्या, "अनसे, माणसाला प्यायला पानी न्हाई, आन् तू कलिंगड लावतीस? कलिंगड म्हंजे नुसतं पानीच की गं!"

"मग पिण्याचं पाणीच लावते म्हणा," मी म्हटलं.

सातही बिया लावल्या. एखादी मागे ठेवायला हवी होती का? आता वाटतं, ठेवायला हवी होती. पण तुम्हीच म्हणायचात ना, की बी टांगून ठेवलं की आळशी होतं, ते मातीतच राहिलं पाहिजे? तीन उगवल्या. दोन रोपं उन्हानं नेली. एक वेल राहिला, तुमच्या नेहमीच्या जागी, न्हाणीच्या मागे.

त्याला पाणी कुठून घातलं म्हणाल, तर न्हाणीतला दगडच उचलून वेलाच्या आळ्यापाशी नेला. भोवती तुरकाठ्यांचा आडोसा केला. आत्याबाई आणि मी एक दिवसाआड तिथं बसून अंघोळ करतो. तांब्याभर पाणी अंगावरून थेट मुळाला. साबण नाही, सोड्यानं वेल जळतो. पहिल्या दिवशी आत्याबाई दगडावर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "मला न्हाऊ घालतीस का कलिंगडाला गं?"

"दोघांनाही, आत्याबाई."

"मग त्याला आदी घाल. माझ्याकडनं आता काय फळ येनार!"

असं बोलतात आणि मग तिथंच बसल्या बसल्या रडतात. पदर भिजलेलाच असतो, त्यामुळे कुणाला कळत नाही. मला कळतं. मी पाठ चोळते.

तुम्हाला एक विचारू? मी वाचायला शिकले, ते तुमच्या कलिंगडांवर, हे तुमच्या ध्यानात तरी कधी आलं असतं का? फळ नारळाएवढं झालं की तुम्ही खिळा घेऊन बसायचात. प्रत्येकाच्या सालीवर एकेक अक्षर. हे अमक्या घरचं, ते तमक्या घरचं. फळ फुगत जायचं तसं अक्षरही फुगायचं. आधी मुंगीएवढं, मग बोटाएवढं, शेवटी हाताएवढं. विकलं तर तुम्ही कधी नाहीतच. आळीत वाटायचात. मी गवऱ्या थापायच्या निमित्तानं परसात जायची आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. शेवंताकाकूंच्या फळावरचा 'शे' मला सगळ्यांत आधी ओळखू आला. कुडापलीकडच्या शेजारीण ना, त्यांचं फळ कुठलं हे मला माहीत होतं. मग तोच 'शे' मी काड्यापेटीवर शोधला, पुडीच्या कागदावर शोधला. सापडला की कसं वाटायचं म्हणून सांगू! बाजारात ओळखीचं माणूस भेटावं तसं.

आणि मग तो दिवस. तुम्ही घाईत चुकीचं फळ तोडून पाटलांकडे निघाला होतात. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, ते शेवंताकाकूंचं आहे. त्याच्यावर 'शे' आहे की."

तुम्ही तसेच थांबलात. फळ काखेत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही फळ खाली ठेवलंत, शेजारच्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "आन् हे?"

"पा."

"हे?"

"रा. त्याचा काना वाकडा झालाय."

"काना वाकडा म्हने! माझ्याच घरात मास्तरीन हाय आन् मला ठाव न्हाई!" एवढे हसलात की आत्याबाई बाहेर आल्या. पुढच्या बाजारी नेवाशाहून माझ्यासाठी अंकलिपी आणलीत. चार इयत्ता शिकलेला माणूस बायकोला अंकलिपी आणतो, हे आळीत किती दिवस चघळलं गेलं, आठवतं? मग मी काय सोडते! वाणसामानाचा एक कागद वाचल्याशिवाय चुलीत गेला नाही. आता ग्रामपंचायतीतली पुस्तकं आणते. आत्याबाईंना वाचून दाखवते. त्या म्हणतात, "जरा मोठ्यानं वाच, त्यालाबी ऐकू जाऊ दे."

आता माझी चूक सांगते. ती मला सांगितलीच पाहिजे.

वेलाला फाल्गुनात दोन फळं धरली. तुमच्यासारखीच पाचटाची चुंबळ करून दोघांच्या खाली ठेवली. पहिलं नारळाएवढं झालं तेव्हा मी तुमचा खिळा शोधून काढला. मला त्याच्यावर तुमचं नाव घालायचं होतं. जे नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, ते आता ऐकायला तुम्ही नाही तर निदान लिहावं. एक अक्षर नाही, सबंध नाव. चार अक्षरं. अक्षर नीट उमटावं म्हणून मी खिळा घट्ट धरला आणि दाबून लिहिलं. तुम्ही लिहिताना मी शंभरदा पाहिलं होतं, पण खिळा माझ्या हातात कधी दिला होतात? साल दुखवायची नसते, वरचा हिरवा पापुद्रा नुसता खाजवायचा असतो, हे मला कुणी सांगितलं? अक्षरांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यावर माश्या. आठ दिवसांत फळ खालून मऊ पडलं.

आत्याबाईंनी बघितलं. त्यांना वाचता येत नाही, पण काय लिहिलंय ते समजलं. म्हणाल्या, "कोवळ्या फळाला बोट दाखवलं तरी सडतं. तू तर खिळा लावला." एवढंच म्हणाल्या. नंतर ते फळ त्यांनीच उचललं आणि वेलाच्याच बुडाशी पुरलं. मला हात लावू दिला नाही.

राहिलं एक फळ. त्याच्यावर मी काहीच लिहिलं नाही. त्यात बी होतं, तेवढं जगात उरलेलं. ते पुरतं पिकेपर्यंत वेलावर राहायला हवं होतं, तरच आतलं बी काळं होणार. मी दिवस मोजत होते. वैशाख संपेपर्यंत कळ काढायची, एवढंच मनात.

आणि आपली लेक कुसुम आली.

श्रीरामपूरहून जावई सोडून गेले. सातवा लागलाय. पहिलटकरीण, माहेरी येणारच. पण तिकडेही सुकाळ नाही. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलंय, मनगटातून बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात. डोहाळजेवण म्हणून शेवंताकाकूंनी तिची ओटी भरली. मी आत बसले होते. पोरीनं दारापाशी येऊन विचारलं, "आई, तू का न्हाई भरत?" आत्याबाई म्हणाल्या, "नसतं भरायचं तिनं." मी पुस्तकं वाचते, तरी आतच बसून राहिले. हे ऐकून तुम्ही काय म्हणाला असतात, हे मला अजून सुचत नाही.

पोरीला मिलोची भाकरी पचेना. खाल्लं की उलटी. पाणीसुद्धा वास येतो म्हणून ठेवून द्यायची. पण परसात जाऊन बसायची ती कलिंगडापाशी. मागायची नाही. तुमची पोर ती, मागणार कशी? चौथ्या दिवशी मी खडीवरून आले, तर ती वेलापाशी आडवी झालेली आणि फळाला गाल लावलेला. मी म्हटलं, "काय गं?"

"काय न्हाई. गार लागतं."

आत्याबाईंनी मला चुलीपाशी गाठलं. "पोरीचा डोहाळा हाय. काप ते."

"आत्याबाई, अजून पंधरा दिवस. आत बी पांढरं असेल."

"पंधरा दिवस तिनं काय खायचं? डोहाळा मारला तर लेकराचा कान फुटतो, ठाव न्हाई का तुला?"

"कान फुटायचा नाही. पण हे बी गेलं तर गेलंच."

कुसुमनं ते आतून ऐकलं. "आजी, ऱ्हाऊ दे. मला न्हाई पायजे." त्या 'न्हाई पायजे'चा आवाज तुम्ही ऐकायला हवा होता.

दोन दिवस आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. अंघोळीलाही आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी कामाला निघाले तेव्हा दारात उभ्या राहिल्या. वाट दिली नाही. म्हणाल्या, "तुझा नवरा गेला, मला कळतं. माझ्या तर पोटचं गेलं. तरी मी सांगती. मेलेल्याचं बी जपतीस, आन् जितं पोटातच सुकाया लागलंय."

मला राग आला. खोटं कशाला लिहू? इतका राग आला की मी टोपलं आपटून परसात गेले. मनात म्हटलं, माणूस गेला, पहिलं फळ गेलं, आता हेही देऊ? माझं म्हणून काय ठेवलंत तुम्ही सगळ्यांनी?

फळापाशी बसले. कोरी हिरवी साल, त्यावर काही नाही. आणि आठवलं. एका वर्षी मी तुमच्याशी भांडले होते. सगळ्या आळीची अक्षरं घालता, माझं एकदा तरी घातलंत का? माझा 'अ' काय अवघड आहे? तुम्ही खिळा पुसत म्हणालात, "येडी हायेस. दुसऱ्याच्या फळावर अक्षर घालतो, म्हंजे आपल्याला मोह पडू नये. घरच्याला कशाला पायजे? ज्याच्यावर काय न्हाई, ते घरचं. भूक लागली की तोडायचं."

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. बाई माणसाला आपलं अक्षर एकदा तरी बघावंसं वाटतं हो! पण काल तिथं बसले असताना कळलं, मी त्या फळावर खिळ्याशिवायच तुमचं नाव घालून ठेवलं होतं. घरच्या पोरीपासून राखत होते.

बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. तुम्ही फळाला कान लावून सांगायचात, आज, नाही तर परवा. मला कधी शिकवलं नाहीत, "तुला न्हाई कळायचं" म्हणायचात. हो, नाहीच कळलं. टण्णही नाही आणि बद्दही नाही, मधलंच काहीतरी वाजलं. देठाजवळचा दोऱ्यासारखा कुरळा तणावा अजून हिरवा होता. एवढं मात्र पुस्तकात वाचलंय मी, तणावा वाळल्याशिवाय फळ तोडू नये म्हणून. तोडलं.

विळीवर मीच कापलं. पाणी सुटलं ते आत्याबाईंनी खाली परात धरून झेललं. गर गुलाबी होता, लाल नाही. कुसुमनं पहिली फोड दोन्ही हातांनी धरली आणि तोंड त्यात घातलं ते वर काढलंच नाही. हनुवटीवरून ओघळ पोटावर. मध्येच थांबली, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, लाथ मारली बघ!"

"मारनारच," आत्याबाई म्हणाल्या, "इतके दिस आजीनं कळ काढाया लावली, त्याची लाथ हाय ती." आणि माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावला. हसत होत्या. दोन दिवसांचा अबोला तिथंच संपला.

"गोड आहे का गं?" मी विचारलं.

"लई," कुसुम म्हणाली. मी फोड चाखून बघितली. पाणचट होती. पण पोरीला उलटी झाली नाही. संध्याकाळी ती भाकरीही खाऊन उठली. साली वाया घालवल्या नाहीत, आज त्यांची भाजी केली. एक फोड शेवंताकाकूंना कुडावरून दिली. त्या म्हणाल्या, "पानीच हाय, मी म्हनले न्हवते?" आणि पुन्हा हात पुढे केला.

आता बियांचं. बहुतेक पांढरंच निघालं, बोटात धरलं की दबतं. थोडं तांबूस आहे. अगदी थोड्या बियांच्या कडा काळ्या धरल्यात. त्या वेगळ्या काढून राखेत घोळून सुपात सावलीला ठेवल्यात. उगवतील का? तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही एक बी दाताखाली धरून सांगितलं असतं. मला सांगता येत नाही. शेवंताकाकू म्हणतात, "न्हाई उगवायचं." आत्याबाई म्हणतात, "त्याच्या हातचं हाय, उगवंल." मी दोघींचंही ऐकते.

रागावला असाल का? मला नाही वाटत. तुम्ही तर पोर आली त्याच दिवशी तोडलं असतंत, हे मला माहीत आहे. सात दिवस मी उशीर केला, त्याबद्दल बोलायचं असेल तर बोला. बीबद्दल बोलू नका.

एक कबूल करते, आणि ते पाळीन. येत्या माघात हे बी मी लावीन. कडा काळ्या असलेलं आधी, तांबूस नंतर. उगवलं तर तुमचं बी चालू राहिलं. नाही उगवलं तर रडत बसणार नाही. नदीकाठी जाईन, जे कुणी वाडी करत असतील त्यांच्याकडून मिळेल ते बी मागून आणीन, आणि न्हाणीच्या मागे तेच लावीन. ते तुमच्या मामांचं नसेल. पण कुसुमचं लेकरू तोवर बसायला लागलेलं असेल, आणि उन्हाळ्यात आजोळी आल्यावर त्याला परस रिकामा दिसणार नाही.

आत्याबाईंची हाक येतेय. अंघोळीचं पाणी तापून गार व्हायला लागलंय म्हणतात.

तुमची,
अनसूया